पोर्कचे डंपलिंग आतपर्यंत शिजले का, हे कसे ओळखावे

डंपलिंग शिजले की नाही हे बहुतेक वेळा पारीकडे बघून ठरवले जाते. पारी पारदर्शक दिसू लागली, डंपलिंग पाण्यावर तरंगले किंवा तळाला खरपूस रंग आला की गॅस बंद होतो. या तिन्ही खुणा खऱ्या आहेत, पण त्या पारीबद्दल सांगतात. एक-दोन मिलिमीटरची पारी दोन-तीन मिनिटांत शिजते. तिच्या आत दाबून भरलेल्या १५ ग्रॅम खिम्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. त्यामुळे बाहेरून तयार आणि आतून कच्चट अशी अवस्था प्रत्येक घाण्यात येतेच, आणि नेमकी तेव्हाच डंपलिंग्ज बाहेर काढली जातात. या लेखातल्या मुख्य चाचण्या म्हणूनच सारणाच्या आहेत.

कोणते तापमान गाठायचे

डुकराच्या खिम्यासाठी मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस हे धरून चालायचे तापमान आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हाच आकडा आहे. ब्रिटनमध्ये ७० अंशांवर २ मिनिटे असे सांगितले जाते. व्यवहारात दोन्हींचा अर्थ एकच. डुकराच्या अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि त्यावर ३ मिनिटे विश्रांती पुरते, असेही वाचायला मिळते आणि ते बरोबर आहे, पण ते खिम्याला लावू नका. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. मांस दळले की तोच पृष्ठभाग आत-बाहेर सगळीकडे मिसळतो, आणि मध्यातला घासही पृष्ठभागाइतकाच तापावा लागतो.

धोका आहे तो साल्मोनेला आणि यर्सिनिया या जिवाणूंचा, त्याशिवाय ट्रिकिनेला आणि पट्टकृमी या परजीवींचा. यर्सिनिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो, तेव्हा ‘खिमा फ्रिजमध्येच होता’ हे कच्चे ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. ‘फ्रोजनच आहे, मग काय होणार’ हा तर्कही लंगडा आहे. पाळीव डुकराच्या मांसाचे पातळ तुकडे उणे १५ अंशांवर २० दिवस ठेवले तर ट्रिकिनेला मरतो, पण जिवाणू गोठवल्याने मरत नाहीत. ते फक्त थांबतात.

सारणाचे मीठ बघायला कच्चा खिमा जिभेवर ठेवायचा नाही, हे इथेच सांगायला हवे. चमचाभर सारण तव्यावर चपटे करून दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजवा आणि मग चव घ्या.

आधी सारण मोजा

शिजण्याचा वेळ सर्वांत जास्त अवलंबून असतो तो सारणाच्या जाडीवर. उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सारणाचे वजन दुप्पट केले तर जाडी साधारण सव्वापट होते आणि वेळ दीडपटीहून थोडा जास्त लागतो. म्हणूनच एकाच भांड्यात १२ ग्रॅमची आणि २५ ग्रॅमची डंपलिंग्ज एकत्र टाकली की लहानांची पारी फाटेपर्यंत मोठी कच्चीच राहतात.

पहिली दहा डंपलिंग्ज भरताना स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. ८ ते ९ सेंटिमीटर व्यासाच्या पारीत १२ ते १५ ग्रॅम सारण हे सोयीचे प्रमाण आहे; एक मध्यम चमचा, शीग न लावता. पुढे दिलेली सगळी मिनिटे याच मापासाठी आहेत. सारण मध्यभागी गोळ्यासारखे उंच न ठेवता थोडे लांबट ठेवले तर मधली जाडी कमी होते आणि शिजणे सोपे जाते. कळ्या घालताना आतली हवा बोटाने दाबून काढा. हवेचा कप्पा राहिला की सारण एका बाजूला सरकते, आणि त्या कप्प्यामुळे डंपलिंग वेळेआधीच तरंगते.

उकळून शिजवताना

१. २० डंपलिंग्जसाठी किमान अडीच लिटर पाणी आणि एक चमचा मीठ घ्या. पाणी कमी असले तर डंपलिंग्ज टाकताच उकळी पूर्ण बसते, ती परत यायला चार-पाच मिनिटे जातात, आणि घड्याळ बघून ठरवलेला वेळ फसतो.

२. पाणी खळखळून उकळत असताना एकेक डंपलिंग सोडा. पहिल्या अर्ध्या मिनिटात डावाच्या पाठीने तळावरून एकदा अलगद फिरवा, म्हणजे ती बुडाला चिकटणार नाहीत.

३. उकळी परत आली की अर्धी वाटी, म्हणजे साधारण १२० मिलिलिटर, गार पाणी घाला. पुन्हा उकळी आली की पुन्हा घाला. असे एकूण तीन वेळा. उत्तर चीनमध्ये ज्याओझ, म्हणजे तिथली डंपलिंग्ज, उकळण्याची ही जुनी रीत आहे. गार पाण्याने शिजणे थांबते असे वाटते, पण हिशेब केला तर अडीच लिटर उकळत्या पाण्यात तेवढे गार पाणी घातल्यावर तापमान तीन-चार अंशच उतरते. शिजणे चालूच राहते. थांबते ती खळबळ, आणि पारी त्या खळबळीनेच फाटते.

४. ताज्या डंपलिंग्जना पहिल्या उकळीपासून ६ ते ७ मिनिटे, फ्रोजनला ८ ते १० मिनिटे द्या.

५. सगळी तरंगू लागल्यावर निदान २ मिनिटे आणखी शिजवा आणि मग चाचणीसाठी एक काढा.

तरंगण्यावर इतका विश्वास का टाकला जातो हे समजण्यासारखे आहे, कारण ती खूण लांबूनही दिसते. पण डंपलिंग वर येते ते आतली हवा आणि वाफ फुगल्यामुळे. पारीलगतचे सारण तापले की वाफ होते, पारी फुग्यासारखी ताणली जाते आणि सबंध डंपलिंगची घनता पाण्यापेक्षा कमी होते. यात मध्यभाग शिजण्याचा संबंध येतच नाही. ढिले भरलेले डंपलिंग तिसऱ्या मिनिटालाच तरंगेल. घट्ट भरलेले, हवा काढलेले डंपलिंग पूर्ण शिजूनही तळाशी रेंगाळेल. तरंगणे म्हणजे शेवटच्या टप्प्याचे घड्याळ लावायची वेळ, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

वाफवताना

भांड्यात ४ ते ५ सेंटिमीटर पाणी असावे, आणि वाफ जोरात येऊ लागल्यावरच चाळणी वर ठेवावी. थंड भांड्यात चाळणी ठेवून गॅस पेटवला तर पारी ओली होऊन चिकटते आणि वेळेचा कोणताच अंदाज लागत नाही. डंपलिंग्जमध्ये एक-दोन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. खाली कागद किंवा कोबीचे पान अंथरले असेल तर सगळी भोके झाकू नका, नाहीतर वाफ कडेने निघून जाते आणि मधली डंपलिंग्ज मागे राहतात.

झाकणाखालून वाफ पुन्हा जोरात येऊ लागली की तिथून वेळ मोजा: ताजी ९ ते १० मिनिटे, फ्रोजन १२ ते १४. पहिली ७ मिनिटे झाकण उघडू नका. प्रत्येक वेळी साठलेली वाफ निघून जाते आणि भांडे परत तापायला वेळ लागतो. दोन-तीन मजली भांड्यात वरच्या मजल्याला वाफ उशिरा आणि कमी जोराने पोचते. निम्मा वेळ झाल्यावर मजले बदला किंवा वरच्याला २ मिनिटे जास्त द्या. भांड्यातले पाणी संपत आले तर उकळतेच पाणी घाला. इथे गार पाणी चालत नाही, कारण थोड्याशा पाण्याची उकळी त्याने पूर्ण मोडते आणि वाफच थांबते.

तव्यावर खरपूस करताना

कच्च्या डंपलिंगसाठी सर्वांत फसवी पद्धत हीच. तळाचा सोनेरी रंग इतका समाधान देतो की वर अजून थंड खिमा आहे हे लक्षातच येत नाही. इथे सारण शिजते ते झाकणाखालच्या वाफेत. तेल आणि तवा फक्त तळ कुरकुरीत करतात.

२४ ते २६ सेंटिमीटरच्या पसरट पॅनमध्ये एक मोठा चमचा तेल तापवून डंपलिंग्ज मांडा आणि मध्यम आचेवर २ मिनिटे तळ धरू द्या. मग डंपलिंगच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत गरम पाणी घाला. या मापाच्या पॅनला १०० ते १२० मिलिलिटर लागते. लगेच घट्ट बसणारे झाकण लावा. ताज्यांना ६ ते ७ मिनिटे, फ्रोजनला ८ ते १०. मग झाकण काढून उरलेले पाणी आटवा आणि मिनिट-दीड मिनिट तळ कुरकुरीत होऊ द्या.

कान उघडे ठेवले तर इथे बरेच कळते. पाणी असेपर्यंत बुडबुड असा जाड आवाज येतो. पाणी संपले की तो बारीक चरचरीवर येतो. ही चरचर चौथ्या-पाचव्या मिनिटालाच ऐकू आली तर पाणी कमी पडले किंवा झाकण सैल आहे. तीन-चार चमचे उकळते पाणी घालून झाकण परत लावा. मोठ्या पॅनच्या कडेला आच कमी पोचते, म्हणून कडेची डंपलिंग्ज मधल्यांपेक्षा मागे असतात. चाचणीला कडेचेच घ्या.

तळण्याबद्दल थोडक्यात: १० ग्रॅमपर्यंत सारण असलेली लहान डंपलिंग्ज १६० ते १६५ अंशांच्या तेलात ५ मिनिटे तळता येतात. त्याहून मोठी असतील तर आधी पूर्ण वाफवून, कोरडी करून मग तळा. कच्ची मोठी डंपलिंग्ज कडक तेलात टाकली की बाहेरून करपतात आणि आतून कच्ची राहतात. कच्च्या पोर्क डंपलिंगसाठी मायक्रोवेव्ह मुळीच वापरू नये. तो एका कडेला उकळी आणतो आणि दुसरी कड कोमट ठेवतो.

चाचणी पहिली: थर्मामीटर

पारा किंवा काटा असलेला मोठा मांसाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही. काट्याच्या थर्मामीटरमध्ये तापमान जाणणारा भाग दांडीवर पाच-सहा सेंटिमीटर पसरलेला असतो. तो डंपलिंगमध्ये मावतच नाही, आणि दिसतो तो सारण व हवा यांचा सरासरी आकडा. बारीक टोकाचा डिजिटल थर्मामीटर हवा. चुरलेला बर्फ आणि थोडे पाणी भरलेल्या पेल्यात तो शून्य दाखवतो का, हे आधी बघा; एक अंशापर्यंत फरक चालेल.

डंपलिंग चिमट्यात धरा. टोक वरून न खुपसता एका टोकाकडून लांबीच्या दिशेने आत घाला, म्हणजे ते सारणाच्या पोटात बराच अंतरापर्यंत राहते. हळूहळू पुढे सरकवत आकडा बघा. तो उतरत जाईल आणि मध्य ओलांडल्यावर परत चढेल. सगळ्यात कमी दिसला तो खरा. टोक पारीला किंवा आतल्या गरम रसाला टेकले तर सात-आठ अंश जास्त दिसू शकतात, आणि इथले बहुतेक चुकीचे आकडे याच कारणाने येतात. हे सगळे भांड्यातून काढल्यावर अर्ध्या मिनिटात उरका. डंपलिंग लहान असल्याने लवकर निवते. भांड्याबाहेर काढल्यावर ते आपोआप शिजत राहील यावर विसंबू नका.

७१ किंवा वर दिसले तरी आणखी एक तपासा. निवडताना सर्वांत मोठे, शेवटी टाकलेले किंवा गर्दीत मध्यभागी असलेले घ्या. ते शिजले असेल तर बाकीची शिजलेलीच आहेत.

चाचणी दुसरी: कापून बघणे

थर्मामीटर नसेल तर एक डंपलिंग मधोमध आडवे कापा. टोकाशी कापले तर काहीच कळत नाही, तिथे सारण पातळ असते. कापल्याबरोबर तीन गोष्टी बघायच्या.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची, पोत. कच्चा खिमा पेस्टसारखा असतो: सुरीला लागतो, काट्याने दाबला की पसरतो आणि मध्यभागी ओलसर, चकचकीत दिसतो. शिजलेला खिमा एकसंध होतो, कापाची कड स्पष्ट राहते, दाबल्यावर स्पंजासारखा परत वर येतो आणि पारीपासून थोडा सुटलेला असतो. काट्याने मधलाच दाणा उचलून बघा. तो चिकट तार न सोडता तुटला पाहिजे.

दुसरी, रस. तो स्वच्छ किंवा फिकट सोनेरी असावा. गुलाबी, गढूळ नसावा. पण नुसता रस निघणे हा पुरावा नव्हे. डुकराची चरबी ४० अंशांच्या आसपासच वितळू लागते. सूप भरलेल्या डंपलिंगमध्ये सारणात घातलेली जेली त्याच्याही आधी वितळते. तेव्हा पारीत सूप डुचमळताना दिसले, तरी खिमा अजून कच्चा असू शकतो. अशी डंपलिंग्ज खोलगट चमच्यात धरूनच कापा, उकळते सूप उडते.

तिसरी, रंग. याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो.

पूर्ण शिजलेले सारणही गुलाबी राहू शकते. पालक, सेलरी, कोबी अशा भाज्यांमध्ये नैसर्गिक नायट्रेट असते. त्यातून बनणारे नायट्राइट मांसाच्या रंगद्रव्याशी जोडले जाते आणि हॅममध्ये दिसतो तसा टिकाऊ गुलाबी रंग तयार होतो. मांस मऊ व्हावे म्हणून खाण्याचा सोडा घातला असेल तरी तेच. आम्लता कमी झाली की रंगद्रव्य उष्णतेला जास्त वेळ दाद देत नाही. असे सारण ७५ अंशांवरही फिकट गुलाबी दिसेल आणि ते खायला सुरक्षित असेल.

याच्या उलट, कच्चे सारण शिजल्यासारखे दिसू शकते, आणि खरा धोका हाच आहे. सोया सॉसने खिमा आधीच तपकिरी होतो, त्यामुळे कच्चटपणाचा गुलाबी रंग दिसतच नाही. बराच वेळ हवेत राहिलेला किंवा फ्रीझरमध्ये पडून असलेला खिमाही पुरेसा तापण्याआधीच तपकिरी दिसतो. सारणात कोळंबी असेल तर ती मांसाच्या आधी केशरी-गुलाबी होते आणि तिच्याकडे बघून सगळेच झाले असे वाटते. म्हणून रंगाला शेवटचे स्थान द्या. पोत घट्ट पण रंग गुलाबी असेल तर आणखी दोन मिनिटे द्या. रंग तपकिरी पण पोत चिकट असेल, तर ते कच्चे आहे.

एक मर्यादा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मांसातली प्रथिने ६० अंशांच्या आसपासच घट्ट होऊ लागतात. ६३ अंशांवरचे सारण आणि ७१ अंशांवरचे सारण काट्याला जवळजवळ सारखेच लागते. म्हणून थर्मामीटरशिवाय काम करताना, कापलेले डंपलिंग पोताच्या चाचणीत पास झाले तरी उरलेल्यांना आणखी २ मिनिटे द्यावीत. त्याने सारण कोरडे पडत नाही. पारीच्या आत ते स्वतःच्याच रसात असते. फार तर पारी किंचित जास्त मऊ होते.

न कापता दाबून बघण्याची रीतही आहे: चॉपस्टिकच्या किंवा चमच्याच्या पाठीने डंपलिंगचे पोट दाबायचे. खड्डा तसाच राहिला तर कच्चे, लगेच भरून आला तर झाले. सरावाच्या हाताला हे चांगले जमते, पण एकाच पाककृतीची शेकडो डंपलिंग्ज केल्यावर. तोवर याचा उपयोग कोणते कापायचे ते निवडण्यापुरता करा.

पारीचीही एक तपासणी आहे. कापलेल्या कडेकडे बघा, विशेषतः कळ्या एकत्र येतात तिथे. तिथे मध्ये पांढरी, पिठूळ रेघ दिसली तर कणीक कच्ची आहे. कळ्यांची जागा तीन-चार पदर जाड असते, आणि सारण शिजून तिथली पारी कच्ची राहण्याचा प्रकारही घडतो.

फ्रोजन डंपलिंग्ज

वितळवू नका, थेट भांड्यात टाका. वितळताना पारी ओली होते, एकमेकींना चिकटते आणि उचलताना फाटते. शिवाय बाहेरचा भाग तासभर कोमट राहतो. वेळ जास्त लागतो कारण सारणातला बर्फ वितळायलाच बरीच उष्णता खर्च होते, आणि तोवर मध्यभाग शून्याशी अडकून राहतो. फ्रोजन डंपलिंगमध्ये बाहेर आणि आत यांतला फरक म्हणूनच सर्वांत मोठा असतो. एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेली असतील तर सुटी केल्याशिवाय टाकू नका. विकतच्या पाकिटातली पारी कधी शिजल्यासारखी अर्धपारदर्शक दिसते, तरी आतला खिमा कच्चा असू शकतो. पाकिटावर ‘पूर्व-शिजवलेले’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर कच्चेच समजा.

उंचावर

समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश कमी तापमानावर उकळते. १,५०० मीटरवर ते ९५ अंशांच्या आसपास, २,००० मीटरवर ९३ च्या आसपास उकळेल. पाणी खळखळ उकळताना दिसते, पण ते कमी गरम असते; वाफेचेही तसेच. तिथे वर दिलेल्या वेळेत २ मिनिटे वाढवून सुरुवात करा आणि चाचणीवरून नक्की ठरवा.

कच्चे निघाले तर

उकळत असाल तर सगळी परत उकळत्या पाण्यात, २ मिनिटांनी पुन्हा एक कापा. वाफवत असाल तर ३ मिनिटे. तव्यावरची असतील तर तीन-चार चमचे उकळते पाणी, झाकण, ३ मिनिटे. चाचणीसाठी कापलेले तुकडे पॅनमध्ये कापलेली बाजू खाली करून थोड्या पाण्यात झाकून शिजवा. ज्या ताटलीत ती कच्ची डंपलिंग्ज काढली होती ती ताटली आणि चिमटा बदला. कच्ची सोडायच्या चॉपस्टिक्स आणि शिजलेली काढायचा झारा पहिल्यापासून वेगळे ठेवावेत.

उरलेली डंपलिंग्ज

शिजलेली डंपलिंग्ज दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. फ्रिजमध्ये ४ अंश किंवा त्याखाली तीन-चार दिवस टिकतात. परत गरम करताना मध्यभागी ७४ अंश गाठा, तव्यावर थोडे पाणी घालून झाकून केल्यास उत्तम.

एकदा चाचणीत पास झालेला वेळ लिहून ठेवा, पण नुसती मिनिटे नकोत: सारणाचे ग्रॅम, ताजी की फ्रोजन, भांडे कोणते, एका वेळी किती, आच किती. यातले एक जरी बदलले, मग तो नवा पॅन असो की दहाऐवजी वीस डंपलिंग्ज, तर त्या दिवशी पहिल्या घाण्यातले एक पुन्हा कापा.